डोमनलालचे धास्तीचे रविवार

शनिवारी संध्याकाळी मोबाईल वाजला की डोमनलालच्या हातातलं काम थांबायचं. फोन कोणाचा, ते न बघताच कळायचं. रुवान साहेबांचा. साहेब काय म्हणणार तेही ठरलेलं असायचं. "डोमन भाई, कल सुबह सात बजे. इस बार नया जगह."

'नया जगह' हे दोन शब्द कानावर पडले की त्याला रात्रीचं जेवण जायचं नाही. गोमती ताट पुढं सरकवायची, तो भाताचे गोळे करत बसायचा.

"काऊन जी, वाघाच्या तोंडात जाऊन राहिले का तुमी?" गोमती म्हणायची. "फिराले तर चालले. जत्रेत चाललो असं समजा."

"जत्रेत माणसं रायतात," डोमनलाल म्हणायचा. "हे लोकं जिथं कुत्रंबी नाही तिथंच जातेत."

डोमनलाल बिरसीचा. वय बावन्न. घरची दोन एकर धानाची बांधी, दोन म्हशी, आणि गावाच्या डोक्यावरून दिवसभर घरघरत फिरणारी शिकाऊ पोरांची छोटी विमानं. त्या विमानांकडे गावातलं कोणी आता मान वर करून बघत नाही. डोमनलाल मात्र अजून बघायचा. एखाद्या विमानाचा आवाज मध्येच बारीक झाला, की तो बांधीत उभ्याउभ्या थिजायचा आणि आवाज पुन्हा भरेपर्यंत हातातली पेंढी खाली ठेवायचा नाही.

तो जन्माचा भित्रा नव्हता. तरुणपणी त्याने दहा वर्षं ट्रक चालवला. गोंदियाच्या राइस मिलमधून तांदूळ भरायचा आणि रायपूरकडे निघायचा. सोळा वर्षांपूर्वी देवरीच्या पुढच्या उतारावर त्याच्या ट्रकचा ब्रेक लागेना. समोर एक बस चढत होती. त्याने स्टेअरिंग डोंगराच्या बाजूला ओढलं. ट्रक खडकावर आदळून कुशीवर झाला, आणि डोमनलाल केबिनमध्ये स्टेअरिंगखाली अडकला. दोन तास. डिझेल त्याच्या मानेवर थेंबथेंब गळत होतं. बाहेर लोक जमले होते, त्यातला एक बिडी ओढत होता. "बिडी विझवा, बिडी विझवा," असं डोमनलाल ओरडत होता. पण छाती दबली असल्यामुळे आवाज बाहेर येतच नव्हता. शेवटी क्रेन आली, पत्रा कापला, त्याला काढला. दोन बरगड्या मोडल्या होत्या, त्या जुळल्या. पण भेव त्या दिवशी जे अंगात शिरलं ते निघालं नाही. ट्रक सुटला. त्याला विहिरीच्या काठाची भीती वाटू लागली, गॅसच्या शेगडीची, भोंग्यांची, पोरांच्या सायकलींची. उताराची तर इतकी, की मोटारसायकलसुद्धा तो उतारावर हातात धरून चालत न्यायचा. गाव त्याला मागून 'भेवाडू डोमन' म्हणायचं. पुढूनही म्हणायचं.

असा माणूस एका परदेशी कुटुंबाचा ड्रायव्हर झाला तो गोमतीमुळे. बिरसीच्या विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेत श्रीलंकेहून एक शिक्षक आले होते, तेच रुवान साहेब. बायको आणि सहा वर्षांची मुलगी घेऊन ते मुर्रीच्या नव्या कॉलनीत भाड्याने राहत होते. त्यांना रविवारपुरता ड्रायव्हर हवा आहे, असं गोमतीने दूध घालताना ऐकलं आणि परस्पर नवऱ्याचं नाव सांगून आली. डोमनलालने दोन दिवस तोंड फिरवून काढले. तिसऱ्या दिवशी गेला, ते नाही म्हणायला. पण साहेबांनी किल्ली हातात दिली, तेव्हा सवयीने तो आधी गाडीभोवती दोनदा फिरला. चारही चाकं दाबून पाहिली. खाली वाकून तेल गळतंय का ते पाहिलं. साहेब ओट्यावरून बघत होते. याच्या आधी आलेला ड्रायव्हर एका हातात फोन धरूनच गाडीत बसला होता.

"यही चाहिए," साहेब बायकोला म्हणाले.

साहेबांच्या बायकोचं नाव इशारा. हे नाव ऐकून गोमती आठ दिवस हसत होती. बाई मात्र भारी गोड. टीव्हीवरच्या मालिका बघून शिकलेलं हिंदी बोलायची, आणि बिरसीच्या रस्त्याने जाताना धानाच्या बांध्या बघून गप्प होऊन जायची. तिच्या आजीच्या गावीही असेच धान, असेच तलाव. मुलीचं नाव सेनुली. ती हिंदी शाळेत शिकली आणि झाडीबोली डोमनलालकडून. महिनाभरात ती प्रत्येक गोष्टीला "काऊन, मामा?" विचारू लागली.

त्या कुटुंबाचं म्हणणं असं, की आपण परक्या मुलखात दोन वर्षांसाठी आलोय, तर दर रविवारी काहीतरी बघायचंच. आठवडाभर साहेब पोरांना एकट्याने आकाशात सोडायचे. रविवारी त्यांना जमिनीवरचं काही अवघड वाटायचं नाही. हाजरा फॉलला ते सेनुलीला खांद्यावर घेऊन ओल्या दगडांवरून धबधब्यापर्यंत गेले. डोमनलाल खाली उभा राहून प्रत्येक पावलाला डोळे मिटत होता. इटियाडोहला ते धरणाच्या भिंतीवर कडेला बसून केळी खात होते, आणि हा मागे त्यांच्या शर्टाकडे बघत होता, की वेळ आली तर कुठे धरायचं. नागझिऱ्यात अस्वल दिसलं, तर तिघं आनंदाने कुजबुजले. डोमनलालने त्यानंतर तीन रात्री घराच्या दाराला आतून काठी लावली.

एकच सवलत त्याने मागून घेतली होती. उतार आला की गाडी साहेब चालवायचे. डोमनलाल गाडी कडेला लावायचा, खाली उतरून पलीकडच्या दाराने आत बसायचा. साहेबांनी त्याचं कारण कधी विचारलं नाही.

बाकी तो बोलायचा नाही. बोलला होता एकदाच, डिसेंबरात, नवेगाव बांधला. नावेत बसायची वेळ आली तेव्हा त्याच्याने राहवेना. "साहब, बेबी को मत ले जाओ. पानी गहरा है." नावाडी खो खो हसला. साहेबांनी डोमनलालच्या पाठीवर थोपटलं आणि तिघं नावेत बसले. तासाभराने हसत परत आले, आणि सेनुली काठावर उडी मारून म्हणाली, "मामा डरपोक!" तिने ते लाडाने म्हटलं. पण डोमनलालच्या मनाला लागलं. आपलं भेव आपल्याजवळ ठेवायचं, असं त्याने ठरवलं. त्यानंतर तो फक्त गाडीत सामान वाढवत गेला. दोरी, काठी, टॉर्च, पाण्याचा कॅन, दोन जाड कांबळी. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मार्चच्या पहिल्या रविवारी इशारा मॅडमने ठरवलं, की आज हॉटेलचं नाही, घरून नेलेलं नाही. तलावाच्या काठी चूल मांडायची, भात आणि मासळी रांधायची, जशी आजीच्या गावी रांधायचे तशी. साहेबांनी नकाशावर एक जुना तलाव शोधला होता. गोरेगावच्या पुढे, सडक अर्जुनीच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून सहा किलोमीटर आत. वाटेत शेवटचं गाव मागे पडलं तसा डोमनलाल सारखा आरशात मागे बघू लागला. दोन्ही बाजूंनी पळस पेटला होता. मोबाईलच्या पट्ट्या एकेक करून गेल्या.

तलाव मात्र देखणा होता. उंच मातीची पाळ, पाळीवर जुनी झाडं, आणि त्यांतली एक सावर इतकी मोठी, की तिच्या बुंध्याच्या बाहेर आलेल्या फांगड्यांमध्ये माणूस उभा राहील. पानं एकही नाही, नुसती लाल फुलं. खाली फुलांचा सडा. सेनुली किंचाळत धावली आणि फ्रॉकच्या ओच्यात फुलं गोळा करू लागली.

डोमनलालने गाडी पाळीच्या टोकाला, शंभर पावलांवर लावली आणि आपलं काम सुरू केलं. काठीने गवत झोडपलं, साप असेल म्हणून. झुडपांच्या मागे डोकावून आला, अस्वल असेल म्हणून. पाण्यात काठी खुपसून तळ पाहिला. पाळीवरून पाण्याकडे गुरं उतरायची एक वाट होती, खडी आणि घसरडी. सेनुलीने तिकडे जाऊ नये म्हणून वाटेच्या तोंडाशी काटेरी फांदी आडवी टाकली. मग सावली बघून सावरीच्या बाजूच्या कोह्याच्या झाडाखाली तीन दगड मांडले आणि चूल पेटवली. लाकडं अर्धी ओली होती. धूर झाला, बराच झाला. तो सरळ वर चढत होता. आपल्या डोळ्यात येत नाही याचं डोमनलालला बरंच वाटलं.

त्याने सगळीकडे पाहिलं होतं. वर पाहिलं नव्हतं.

साहेब आणि मॅडम पाण्याशी उतरून तांदूळ आणि मासळी धूत होते. सेनुली डोमनलालजवळ फुलं मांडत बसली होती. तेवढ्यात कुठेतरी मोटर सुरू झाल्यासारखा आवाज आला. खालून साहेबांनी सवयीने आभाळाकडे पाहिलं. "प्लेन?" असं ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा बदलला.

डोमनलालने मान वर केली. सावरीच्या आडव्या फांद्यांना काळ्या पोळ्यांच्या ओळी लोंबत होत्या. सात, आठ, नऊ. एकेक सुपाएवढं. आग्यामोहोळ. धूर आता वाऱ्याने वाकून थेट त्यांत शिरत होता. त्यांतल्या सगळ्यात मोठ्या पोळ्यावरून एक काळी लाट सरसरत गेली, आणि मग कोणीतरी चादर सोडावी तसा त्या पोळ्याचा थरच खाली सुटला.

खरं सांगायचं तर त्या क्षणी डोमनलालला काहीच सुचलं नाही. सोळा वर्षं तो ज्या घडीची वाट बघत होता ती आली, आणि तो नुसता उभा राहिला. पहिली माशी भुवईवर डसली. निखारा टेकवल्यासारखी. त्या कळीने तो जागा झाला.

"साहब! पानी में! पानी में जाओ!" तो ओरडला. जेवायला अंथरलेलं कांबळं त्याने ओढलं, त्यावरची ताटं उडाली. सेनुलीला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून काखेत मारली आणि तो गाडीकडे पळत सुटला. माशा मानेवर, कानात, शर्टाच्या आत. कांबळ्यातून सेनुली रडत ओरडत होती, "काऊन मामा? काऊन?" त्याच्याकडे उत्तर द्यायला तोंड नव्हतं. तोंड उघडलं की माशी आत जात होती.

दार उघडून त्याने पोरीला आत लोटलं, स्वतः शिरला, दार ओढलं. पंधरा-वीस माशा आत आल्याच. त्या त्याने नुसत्या हातांनी चिरडल्या. पोरीच्या गालावर आणि हातावर चार-पाच ठिकाणी डसलं होतं. ती थरथरत होती, पण श्वास नीट होता. डोमनलालने काचेतून पाहिलं.

तलावात दोन डोकी होती. साहेब आणि मॅडम गळ्यापर्यंत पाण्यात. डोकी बुडायची, श्वासासाठी वर यायची, आणि वर आली की काळा ढग त्यांवर झपकन उतरायचा. माशा पाण्यावर घिरट्या घालत वाट बघत होत्या. तिसऱ्यांदा मॅडमचं डोकं वर आलं ते एका बाजूला कलंडलेलं. साहेबांनी तिला केसांना धरून वर काढलं. ते काहीतरी ओरडत होते, त्यांच्या बोलीत. शब्द कळत नव्हते, पण गरज नव्हती.

गाडी तिथपर्यंत न्यायला वाट एकच होती. गुरांची. पाळीवरून सरळ पाण्यात जाणारी.

डोमनलालने किल्ली फिरवली. पहिल्यांदा क्लच नीट सुटला नाही आणि गाडी बंद पडली. कानात डिझेलचे थेंब वाजू लागले. टप, टप. त्याला खरोखर वास आला. "मामा, आई," सेनुली मागून म्हणाली. तेवढंच म्हणाली.

"सेनुली, खाली बस. कांबळं डोयावर घे. बाहेर पाहू नको," त्याने सांगितलं. स्वतःचा आवाज त्याला ओळखू आला नाही.

गाडी पाळीवरून धावली. आडवी टाकलेली फांदी चाकाखाली मोडली. बोनेट खाली गेलं, समोर आभाळ नाहीसं झालं, आणि काचेत नुसतं पाणी दिसू लागलं. ब्रेकवर पाय होता, पण गाडी मातीवर घसरत होती, जशी तेव्हा घसरली होती. डोमनलाल मोठ्याने रडत होता. रडत रडत त्याने गाडी पहिल्या गियरमध्ये धरून ठेवली. पुढची चाकं पाण्यात शिरली आणि थांबली. त्याने हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला.

साहेब मॅडमला ओढत आले. मागचं दार उघडलं, मॅडमला आत ढकललं, मागोमाग ते आणि त्यांच्यासोबत शंभरेक माशा. आता गाडी मागे, वर न्यायची होती. चाकं फिरली आणि जागच्या जागीच चिखल उडवत राहिली. दुसऱ्यांदा तेच. डोमनलालच्या मनात आलं, की संपलं. साहेब पायाखालचं दुसरं कांबळं घेऊन खाली उतरले, त्याच ढगात, आणि ते मागच्या चाकाखाली कोंबून आत आले. तिसऱ्या वेळी गाडी कण्हत वर चढली.

वर येताच त्याने चारही काचा उघडल्या आणि गाडी अशी सोडली, की वाऱ्याने माशा बाहेर फेकल्या गेल्या. मागे मॅडमचा श्वास शिटीसारखा वाजत होता. ओठ, डोळे, मान, सगळं सुजून एक झालं होतं. साहेब तिच्या तोंडाजवळ कान लावून बसले होते आणि दर मिनिटाला एकच शब्द म्हणत होते, "जल्दी." मोठा रस्ता लागला. ट्रकांच्या रांगेला कट मारत, हॉर्न न सोडता डोमनलालने सडक अर्जुनी गाठली. रस्त्यात उतार होते का, किती होते, हे त्याला नंतर कधीच आठवलं नाही.

सरकारी दवाखान्यातल्या नर्सने मॅडमला बघताच खुर्ची ढकलून दिली आणि स्ट्रेचरसोबत पळत गेली. दार बंद झालं. साहेबांना शेजारच्या खाटेवर झोपवून सलाईन लावलं. त्यांचेही डोळे आता मिटले होते. डोमनलालला एका कंपाउंडरने बाकावर बसवलं आणि चिमट्याने नांग्या काढू लागला. त्रेसष्टपर्यंत मोजल्या, मग मोजणं सोडलं.

"तुले चक्कर येऊन राहिली का?" कंपाउंडरने विचारलं.

"नाही. बाई कशी हाये?"

"डॉक्टर आहेत ना आत."

सेनुली त्याच्या मांडीला टेकून बसली होती. मग हळूच म्हणाली, "मामा, आई मरणार?"

डोमनलालला पटकन 'नाही' म्हणता आलं असतं. लहान लेकराला तेच सांगतात. पण त्याने त्या दाराकडे पाहिलं, आणि त्याच्याने खोटं बोलवेना.

"मले मालूम नाही बेटा," तो म्हणाला. "मीबी भिऊन राहिलो."

पोरीने आपला सुजलेला हात त्याच्या सुजलेल्या हातात दिला आणि दोघं त्या दाराकडे बघत बसले. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला, दीड वाजला. आत कोणीतरी धावलं की पोरीची बोटं आवळायची.

पावणेदोनला डॉक्टर बाहेर आल्या. तरुण बाई होती, कपाळावर घाम. "श्वास मोकळा झाला," त्या म्हणाल्या. "आणखी दहा-पंधरा मिनिटं उशीर झाला असता, तर मी काही करू शकले नसते. आता गोंदियाला नेऊ. दोन दिवस नजरेखाली ठेवायला लागेल."

डोमनलालने मान हलवली. मग उठून बाहेर गेला आणि दवाखान्याच्या नळाशी भडाभडा ओकला.

अँब्युलन्स यायला अजून अर्धा तास होता. डोमनलाल साहेबांच्या खाटेजवळ गेला. पोटात ठेवता आलं असतं, पण ठेववेना. "साहब," तो म्हणाला, "आग मैंने जलाई थी. ऊपर नहीं देखा मैंने."

मिटलेल्या डोळ्यांनी साहेबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्यानंतरचे तीन आठवडे डोमनलालने कसे काढले ते गोमतीला माहीत. अंगाची सूज चार दिवसांत उतरली. पण फाटक वाजलं की तो मागच्या दाराशी जायचा. पोलीस येतील. शाळेतले मोठे लोक येतील. परदेशी माणसाला काही झालं म्हणजे सरकारकडे कागद जातात, असं मुन्नालाल किराणावाल्याने सांगितलं होतं. शनिवारी फोन वाजला नाही. दुसऱ्या शनिवारीही नाही. ज्या फोनला तो वर्षभर भ्याला, तो वाजत नाही म्हणून आता त्याला झोप येईना.

"तुमी जाऊन काऊन नाही विचारत?" गोमतीने विचारलं.

"काय विचारू? तुमची बाई मी मारत होतो, वाचली का म्हणून?"

"मारत होते अन् वाचवलीबी तुमीच," गोमती म्हणाली. "अर्धंच काऊन सांगता?"

चौथ्या आठवड्यात, एका दुपारी, दाराशी ऑटो थांबला. डोमनलाल म्हशींना पेंढी टाकत होता. ऑटोतून सेनुली उतरली आणि मागून इशारा मॅडम. उतरण्याआधी तिने वर पाहिलं, मग अंगणातल्या निंबाकडे, मग दाराकडे. ओढणीने मान गच्च लपेटलेली होती. गोमतीने खाट टाकली, पाणी दिलं. एक माशी, साधी घरातली, पेल्याच्या काठावर बसली, तर मॅडमच्या हातून पेला पडला.

"सॉरी," ती म्हणाली. मग डोमनलालकडे वळून, शब्द शोधत, हिंदीत सांगू लागली. साहेब रागावले नव्हते. म्हणजे रागावले होते, पण स्वतःवर. विमान उडवायच्या आधी नट आणि बोल्टसुद्धा तपासणारा माणूस. त्या दिवशी बायकोपोरीला झाडाखाली नेताना त्याने मान वर केली नाही. दवाखान्यात ते भिंतीकडे तोंड करून रडत होते. डोमनलालला काय म्हणावं ते त्यांना तेव्हाही सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

डोमनलालने खाली पडलेला पेला उचलून खाटेवर ठेवला.

"मैं घर से नहीं निकलती," मॅडम म्हणाली. "खिडकी बंद. पंखा आवाज करता है, तो भी डर. आज पहली बार आई." "भैया, आप इतने साल डर के साथ कैसे चलते हो? मुझे बताओ."

असा प्रश्न डोमनलालला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. लोकांनी हसून घेतलं होतं, गोमतीने रागावून घेतलं होतं. उपाय विचारायला कोणी आलं नव्हतं. तो खाली बघत पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

"जाता नहीं, मॅडम," शेवटी तो म्हणाला. "मैं झूठ नहीं बोलूंगा. सुबह उठता हूँ, तो रहता ही है. चाय पीता हूँ, तब भी रहता है. फिर मैं गाडी देखता हूँ, चक्के देखता हूँ, और निकल जाता हूँ. वो रहता है, मैं गाडी चलाता हूँ."

मॅडमने मान डोलावली. गोमतीने चहा आणला, लाखोरीच्या डाळीचे वडे आणले. सेनुली म्हशीच्या पारडीजवळ जाऊन तिचे कान धरू लागली. "हे लाथ मारते का, मामा?"

"मारते," डोमनलाल म्हणाला. "बाजूनं उभी राह्य."

जाताना मॅडम ऑटोत बसता बसता म्हणाली, "संडे को आओगे? दूर नहीं. आप जगह चुनो."

त्या रविवारी डोमनलालने जागा निवडली. बिरसीपासून चार किलोमीटरवर, उन्हाळी धानाच्या बांध्यांमधली उघडी पाळ. झाड एक नाही, तलाव नाही, उतार नाही. ऊन मात्र होतं, म्हणून चार बांबू आणि एक ताडपत्री सोबत घेतली होती. चूल नाही, जेवण गोमतीने डब्यात भरून दिलं होतं. गाडी थांबली. साहेब पुढच्या सीटवरून उतरले, डोमनलालजवळ आले, आणि दोघांनी मिळून न बोलता ताडपत्री बांधली. सेनुली बांधीच्या धुऱ्यावर, त्या अरुंद बांधावर, पळाली.

मॅडम गाडीतच होती. काचा वर. आतून ती हिरव्या धानाकडे बघत होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. साहेब दाराकडे जायला निघाले, तर डोमनलालने त्यांचा दंड धरला. याआधी त्याने साहेबांना कधी हात लावला नव्हता.

"रुको साहब," तो म्हणाला. "उनको देखने दो. पूरा देख लेने दो."

ते दोघं ताडपत्रीच्या सावलीत उभे राहिले. डोमनलालचं भेव सोबतच होतं, त्याने एकदा वर पाहिलं, मग गाडीच्या चाकांकडे. अर्ध्या तासाने काच चार बोटं खाली आली. मग आणखी थोडी. मग दार उघडलं आणि इशारा मॅडमने एक पाय धुऱ्यावर ठेवला, तो तसाच ठेवून बराच वेळ बसली, आणि मग दुसरा ठेवला.